नव्व्याण्णव टक्के अचूक मॉडेल भावाच्या हातावर पार कोसळलं. चूक कुठे झाली?

पाऊलवाट (धागाकर्ता) | शुक्रवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होतो, आज पहिला धागा काढतोय. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

अंगावर बांधलेल्या सेन्सरवरून माणूस काय हालचाल करतोय हे ओळखायचं, या विषयाने मला वर्षभर झपाटलंय. कारण घरातलंच आहे. वडिलांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. नंतर घरी करायला दिलेले व्यायाम ते एक दिवसही न चुकवता करायचे, तरी हात काही वर जाईना. पुढच्या तपासणीत कळलं की खांदा वापरायच्या ऐवजी ते पाठीला झोका देऊन हात उचलत होते. कित्येक आठवड्यांची मेहनत वाया गेली. त्याच दिवशी कुणी टोकलं असतं तर? हा विचार डोक्यातून जात नाही.

म्हणून शिकायला घेतलं. सुरुवातीला सगळ्यात जवळचा वाटला तो डंबेल उचलण्याचा डेटासेट. माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. वेलोसो, बुलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे २०१३ सालचं काम. सहा तरुण, वय २० ते २८, हातात १.२५ किलोचं डंबेल. सेन्सर चार ठिकाणी: कमरेच्या पट्ट्यावर, दंडावर, हाताच्या पुढच्या भागावर आणि खुद्द डंबेलवर. प्रत्येकाने पाच पद्धतींनी दहा-दहा वेळा डंबेल वरखाली करायचं. पहिली पद्धत बरोबर, बाकी चारांत ठरवून केलेल्या चुका: कोपर पुढे फेकणं, डंबेल अर्धंच वर नेणं, अर्धंच खाली आणणं आणि कंबर पुढे ढकलणं. बाकीचे बहुतेक डेटासेट माणूस काय करतोय एवढंच विचारतात. हा कसं करतोय ते विचारतो, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

१९,६२२ ओळी, १६० रकाने. त्यातले शंभर रकाने फक्त ४०६ ओळींत भरलेले, म्हणून ते काढून टाकले. उरलेल्या ओळी फेटल्या, ७० टक्के शिकायला आणि ३० टक्के तपासायला ठेवल्या, रँडम फॉरेस्ट (पुष्कळ निर्णयवृक्षांचं, म्हणजे हो-नाही प्रश्नांच्या साखळ्यांचं, मतदान घेणारी पद्धत) लावलं. अचूकता ९९ टक्क्यांच्या वर! त्या रात्री झोप लागली नाही.

मग चार सेन्सर आणले, धाकट्या भावाला बांधले आणि त्याला डंबेल उचलायला लावलं. तो बरोबर करो की चूक, मॉडेलचं उत्तर एकच: कंबर पुढे ढकलतोय. मुद्दाम कोपर फेकलं तरी कंबर. नुसता उभा राहिला तरी कंबर. ज्याची परीक्षेत एवढी अचूकता, ते प्रत्यक्षात इतकं आंधळं कसं? दोन आठवडे डोकं आपटून झालं. कृपया मदत करा.

कंपनसंख्या | शुक्रवार, रात्री १०:४०

दोन प्रश्न. विंडोचा (म्हणजे लागोपाठच्या नोंदींच्या छोट्या गटाचा) क्रमांक, वेळेची नोंद आणि माणसाचं नाव हे रकाने काढले होते का? आणि फेटल्या त्या सुट्या ओळीच ना?

पाऊलवाट | शुक्रवार, रात्री १०:४८

नाव आणि वेळ काढली होती. विंडोचा क्रमांक राहिला बहुतेक. हो, सुट्या ओळीच फेटल्या.

कंपनसंख्या | शुक्रवार, रात्री ११:३५

मग तुमचा पेपर परीक्षेआधीच फुटला होता.

हे सेन्सर सेकंदाला ४५ वेळा नोंद घेतात. म्हणजे लागोपाठच्या दोन ओळींत सेकंदाच्या पंचेचाळिसाव्या भागाचं अंतर. तेवढ्या वेळात हात किती हलणार? दोन्ही ओळी जवळजवळ सारख्याच. तुम्ही फेटल्यावर त्यातली एक शिकायच्या गठ्ठ्यात गेली, तिची जुळी बहीण तपासायच्या गठ्ठ्यात. मॉडेलने ओळखलं ते हालचालीला नाही, शेजारणीला.

विंडोच्या क्रमांकाने तर कहर होतो. एका विंडोतल्या सगळ्या ओळी एकाच माणसाच्या आणि एकाच पद्धतीच्या. बाकीचे सगळे रकाने फेकून द्या, नुसता क्रमांक ठेवा, तरी मॉडेल जवळजवळ पैकीच्या पैकी मार्क मिळवेल. करून बघा. दहा मिनिटांचं काम आहे, पण एकदा स्वतः केलं की जन्मभर लक्षात राहतं.

पण नुसता तो रकाना काढून भागणार नाही. सहा माणसं, पाच पद्धती, प्रत्येक पद्धतीचा एकेक सलग सेट. म्हणजे सगळा डेटासेट मिळून तीसच सलग तुकडे. त्या त्या सेटला माणूस कुठे तोंड करून उभा होता, पट्टा किती तिरका बसला होता, याचे ठसे प्रत्येक ओळीत उमटलेले असतात. मॉडेलला कोपर आणि कंबर शिकायची गरजच पडत नाही. हा कोणता तुकडा एवढं ओळखलं की काम झालं.

हे मूळ लेखकांनी लपवलेलं नाही. नेहमीच्या दहा भागांच्या तपासणीत (डेटाचे दहा भाग करून दर वेळी एकावर तपासायचं, बाकी नवांवर शिकवायचं) त्यांचा आकडा ९८.०३ टक्के होता. एक माणूस पूर्ण बाजूला ठेवून, बाकीच्या पाचांवर शिकवून त्याच्यावर तपासलं तेव्हा तो ७८.२ वर आला. लोक पहिला आकडा उचलतात आणि दुसरा वाचतच नाहीत.

संख्यावेडी | शनिवार, सकाळी ७:२०

कंपनसंख्या यांच्याशी शंभर टक्के सहमत. माझी एक भर.

या डेटासेटवर रँडम फॉरेस्ट लावून महत्त्वाचे रकाने क्रमाने मांडले की कमरेच्या पट्ट्याचे दोन कोन हमखास वर येतात. एक पट्ट्याच्या कलण्याचा, दुसरा तो कोणत्या दिशेला वळलाय त्याचा. दुसऱ्याचा विचार करा. हा दिशेचा कोन आहे. माणसाचं तोंड खिडकीकडे होतं की दाराकडे, एवढंच तो सांगतो. डंबेल नीट उचललं की नाही याचा त्याच्याशी काय संबंध? तरीही तो यादीत वर बसतो, यातच सगळं आलं.

पाऊलवाट, यात तुमची एकट्याची चूक नाही. एका लोकप्रिय ऑनलाइन अभ्यासक्रमात हाच डेटासेट शेवटच्या प्रकल्पाला देतात. तिथल्या तपासणीच्या वीस ओळीही याच विंडोंमधून काढलेल्या आहेत. त्यामुळे वीसपैकी वीस मिळतात, विद्यार्थी खूश होतो आणि पेपर फुटल्याची शंकाही न येता पुढे जातो. मीही तशीच पुढे गेले होते. नंतर स्वतःच्या कामात तोंडावर आपटले तेव्हा समजलं.

गोफण | शनिवार, सकाळी ९:०५

मी हार्डवेअरच्या बाजूचा माणूस, म्हणून सेन्सरबद्दल बोलतो. कारण पेपर फुटला नसता तरी भावाच्या हातावर तुमचं मॉडेल पडलंच असतं.

त्वरणमापकाला (अ‍ॅक्सेलेरोमीटर, वेगातला बदल मोजणारा सेन्सर) हालचाल कळते असं आपण धरून चालतो. खरं तर त्याला कळतो तो आतल्या अतिसूक्ष्म वजनावर पडणारा रेटा. सेन्सर टेबलावर स्थिर पडलेला असला तरी तो शून्य दाखवत नाही, ९.८ (मी/से²) च्या आसपास दाखवतो, कारण टेबल त्याला वर रेटत असतं. तोच हातातून सोडून दिला तर हवेत असेपर्यंत जवळजवळ शून्य दाखवतो. म्हणजे प्रत्येक आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या: गुरुत्वाकर्षणामुळे येणारा भाग, ज्यावरून सेन्सर किती कललाय ते कळतं, आणि खरी हालचाल.

आता हा ९.८ तीन अक्षांवर कसा वाटला जाईल हे सर्वस्वी सेन्सर कसा बांधलाय यावर ठरतं. पट्ट्यावर तो उलटा बसला की एका अक्षाचं चिन्हच उलटतं. तुमच्या मॉडेलला त्या सहा जणांच्या पट्ट्यावरचे अक्ष माहीत होते. भावाचा सेन्सर पाव वळसा फिरलेला असेल तर मॉडेलच्या दृष्टीने भाऊ आडवा झालाय. त्यात तुमच्या सेन्सरची एककं वेगळी असू शकतात, नोंदींचा वेग वेगळा असू शकतो.

आधी एवढं करा. प्रत्येक सेन्सर टेबलावर सहाही बाजूंनी पालथा-उताणा ठेवून आकडे लिहून घ्या. वर असलेल्या बाजूच्या अक्षावर ९.८ च्या जवळचा आकडा, बाकी दोन अक्षांवर शून्याच्या जवळ, असं दिसायला हवं. मग मूळ डेटासेटमधला माणूस उभा असताना जे आकडे येतात त्यांच्याशी ताडून बघा. जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) स्थिर असताना शून्य दाखवतो का तेही बघा. बहुतेक दाखवत नाही, आणि तो थोडासा फरक बेरजेत साठत जाऊन कोन हळूहळू सरकतो.

पाऊलवाट | शनिवार, सकाळी ९:५०

गोफण, आत्ताच बघितलं. कमरेचा सेन्सर उलटा बांधला होता. सरळ उलटा. दोन आठवडे मी कोड तपासत बसलो आणि पट्टा एकदाही बघितला नाही.

विंडोच्या क्रमांकाचा प्रयोगही केला. कंपनसंख्या म्हणाले तसंच झालं. एकाच रकान्यावर मॉडेल जवळजवळ निर्दोष. पाहून पोटात गोळा आला.

रात्रपाळी | शनिवार, दुपारी १:३०

मला तांत्रिक फारसं कळत नाही, तरी धागा एका दमात वाचला. आई एकटी असते आणि मी रात्री कामावर. ती पडली तर कळावं म्हणून मनगटावरचं घड्याळ घ्यायचा विचार आहे. या घड्याळांना पडणं खरंच ओळखता येतं का? की तिथेही हाच प्रकार?

गोफण | शनिवार, दुपारी २:१५

रात्रपाळी, ओळखता येतं, पण मर्यादा आहेत. पडण्याची साधारण सही अशी: क्षणभर आकडे शून्याकडे झुकतात, कारण शरीर खाली येत असतं, मग आपटल्याचा मोठा उंचवटा, आणि नंतर शांतता. अ‍ॅपल वॉचमध्ये ही सोय २०१८ च्या चौथ्या मालिकेपासून आली. आपटल्यानंतर माणूस हलला नाही तर घड्याळ स्वतःहून मदतीला फोन लावतं.

अडचण अशी की सगळी पडणी धाडकन होत नाहीत. म्हातारं माणूस भिंतीला धरून हळूहळू खाली घसरतं, खुर्चीवरून कलंडतं. तिथे शून्याचा क्षणही येत नाही आणि मोठा धक्काही बसत नाही. उलट टेबलावर जोरात हात आपटला तर मनगटावर धक्का दिसतो आणि पडणं मात्र काहीच झालेलं नसतं. आणखी एक. प्रयोगशाळेतली पडणी बहुधा धडधाकट तरुणांनी गादीवर मुद्दाम पडून दिलेली असतात, कारण वृद्धांना पडायला सांगता येत नाही. घड्याळ जरूर घ्या, पण त्याच्या भरवशावर रात्रीचा फोन बंद करू नका.

सांधेसोबती | शनिवार, सायंकाळी ६:४०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धाग्याची पहिलीच पोस्ट वाचून थबकले, कारण पाऊलवाट यांच्या वडिलांसारखे रुग्ण माझ्याकडे रोज येतात. झोका देऊन हात उचलणं ही त्यांची हयगय नसते. दुखतं म्हणून शरीर आपोआप पळवाट काढतं आणि रुग्णाला ते जाणवतही नाही.

गोफण यांनी गादीवरच्या पडण्याबद्दल लिहिलं तेच डंबेलच्या डेटासेटबद्दल मला वाटतं. त्यात निरोगी तरुणांनी, जाणकाराच्या देखरेखीखाली, ठरवून चुका केल्या आहेत. ठरवून केलेली चूक नीटनेटकी असते. पहिल्यापासून दहाव्या वेळेपर्यंत एकसारखी. खऱ्या रुग्णाची चूक तशी नसते. पहिल्या तीन वेळा सगळं बरोबर, मग दम लागतो, मग खांदा वर उचलला जातो, मग कंबर मदतीला येते. कधी एकाच वेळी दोन चुका, कधी अर्धीमुर्धी. पाच खणांत ती बसत नाही. शिवाय ज्याचा खांदाच वर जात नाही, त्याचं 'अर्धंच वर नेलं' हे त्या दिवसाचं शंभर टक्के असू शकतं.

तरी मी निराश नाही. या क्षेत्रातलं एक काम मला फार जवळचं वाटतं. पार्किन्सनच्या काही रुग्णांचे पाय चालता चालता जमिनीला चिकटल्यासारखे होतात, पुढे उचलतच नाहीत. डॅफ्नेट प्रकल्पात दहा रुग्णांच्या घोट्यावर, मांडीवर आणि कमरेला सेन्सर बांधून हे अडणं टिपलं. दहातल्या आठ जणांचे पाय त्या चाचणीत प्रत्यक्ष अडले. चालण्याची लय सेकंदाला अर्ध्या ते तीन आवर्तनांत असते, तर अडलेल्या पायाची थरथर तीन ते आठमध्ये. दोन्हींची ताकद ताडून बघितली की अडणं लक्षात येतं. अडल्याबरोबर कानात ठेक्याचा आवाज सुरू करायचा, कारण ठेका ऐकला की पुष्कळ रुग्णांचं पाऊल उचलतं. महिन्यानंतरच्या अहवालात नव्हे, त्या क्षणी मदत. पाऊलवाट यांना वडिलांसाठी हेच हवं होतं ना?

पाऊलवाट | शनिवार, सायंकाळी ७:०२

अगदी हेच. तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. "ही हयगय नसते" या वाक्यावर ते बराच वेळ गप्प होते. मनापासून आभार.

नवअंकुर | शनिवार, रात्री ८:३०

रँडम फॉरेस्ट जुनं झालं. खोल न्यूरल नेटवर्क लावा, ते स्वतःच वैशिष्ट्यं (नोंदींतून काढलेली, ओळखायला उपयोगी पडणारी मापं) शोधतं. कन्व्होल्यूशन आणि एलएसटीएम (नेटवर्कचे दोन प्रकार, एक छोटे आकार टिपणारा, दुसरा क्रम लक्षात ठेवणारा) जोडून केलेलं काम २०१६ पासून आहे, निकालही चांगले आहेत.

कंपनसंख्या | शनिवार, रात्री ९:१०

नवअंकुर, पद्धत चांगली आहे, पण रोग वेगळा आहे. सहा माणसांचा डेटा खोल नेटवर्कला दिला तर ते त्या सहा माणसांना आणखी चांगलं पाठ करेल. ओळी कितीही असोत, नवं माणूस ओळखायच्या दृष्टीने तुमच्याकडे नमुने सहाच. एकोणीस हजार नव्हेत.

नेटवर्कचा खरा उपयोग माणसं पुष्कळ असतील तिथे. यूके बायोबँक प्रकल्पात सुमारे एक लाख लोकांनी मनगटावर आठवडाभर सेन्सर बांधला होता. त्यात कोण कधी काय करत होतं याची नोंद नाही, म्हणून नेहमीच्या पद्धतीने शिकवता येत नाही. ऑक्सफर्डच्या गटाने वेगळी वाट काढली: हा तुकडा सरळ आहे की उलटा चालवलाय, याचे भाग पुढेमागे केलेत का, वेळ ताणलाय का, एवढंच नेटवर्कने ओळखायचं. यासाठी कुणी लेबल (ही कोणती क्रिया, अशी चिठ्ठी) लावावं लागत नाही. सात लाख व्यक्ती-दिवसांच्या नोंदींवर असं शिकलेलं नेटवर्क मग छोट्या, लेबल असलेल्या डेटासेटवर थोडं घासलं की सुरुवातीपासून शिकवलेल्यापेक्षा चांगलं चालतं. हे वाचून मी खरोखर हरखलो होतो. लाख लोकांचं चालणं-बसणं आधी बघून झालं की नवं माणूस तितकंसं अनोळखी राहत नाही.

मात्र तो सेन्सर मनगटावरचा. कंबर आणि दंड त्यात नाहीत. पाऊलवाट यांना तो जसाच्या तसा लागू पडणार नाही.

नवअंकुर | शनिवार, रात्री ९:२५

पटलं. नमुने सहाच, हे असं मी कधी मोजलंच नव्हतं.

संख्यावेडी | रविवार, सकाळी ८:१५

सेन्सर कुठे बांधायचा हा विषय निघालाच आहे तर त्यावर लिहिते, कारण माझ्या मते या क्षेत्रात मॉडेलच्या निवडीपेक्षा हा निर्णय मोठा आहे आणि त्यावर बोललं जातं कमी.

सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे जिनोआ विद्यापीठाचा स्मार्टफोनचा डेटासेट. १९ ते ४८ वयाचे ३० जण, कमरेला फोन, सेकंदाला ५० नोंदी, सहा क्रिया: चालणं, जिना चढणं, उतरणं, बसणं, उभं राहणं, आडवं होणं. २.५६ सेकंदांची विंडो म्हणजे १२८ नोंदी, लगतच्या विंडो एकमेकींवर अर्ध्या चढलेल्या, आणि प्रत्येकीतून ५६१ वैशिष्ट्यं. यांनी वाटणी माणसांनुसार केली: २१ जण शिकायला, ९ जण तपासायला. एवढ्यासाठीच मला हा डेटासेट आवडतो. विंडो अर्ध्या एकमेकींवर चढलेल्या असताना त्या फेटून वाटल्या असत्या, तर पुष्कळ नोंदी दोन्हीकडे सापडल्या असत्या.

आता त्यातला गोंधळाचा तक्ता (कोणती क्रिया मॉडेलने कोणती समजली ते दाखवणारा) काढा. चालणं आणि आडवं होणं छान ओळखलं जातं. मॉडेल पुन्हा पुन्हा अडतं ते बसणं आणि उभं राहणं यांच्यात. का? कारण बसलो काय, उभे राहिलो काय, कंबर ताठच. कमरेवरच्या फोनला दोन्ही सारखंच वाटतं. यावर कुठलंही मॉडेल आणा, जी माहिती सेन्सरपर्यंत पोचलीच नाही ती ते कुठून आणणार? तोच सेन्सर मांडीवर बांधा. उभं असताना मांडी उभी, बसल्यावर आडवी. गुरुत्वाकर्षण थेट दुसऱ्या अक्षावर जातं आणि साध्या एका अटीत उत्तर मिळतं. बैठं आयुष्य मोजणारी संशोधनातली उपकरणं मांडीवर चिकटवतात ती यासाठीच.

२००४ साली बाओ आणि इंटिल या संशोधकांनी वीस जणांच्या अंगावर पाच ठिकाणी सेन्सर बांधून वीस क्रिया तपासल्या. साध्या निर्णयवृक्षाने सुमारे ८४ टक्के मिळाले. त्याहून मोलाची गोष्ट अशी की पाचऐवजी मांडी आणि मनगट असे दोनच ठेवले तरी फारसा तोटा झाला नाही. वीस वर्षं होऊन गेली, तरी नवशिक्यांना मी आधी हेच काम वाचायला सांगते. त्यात लोकांनी आपल्या सवडीने, संशोधक समोर नसताना क्रिया केल्या होत्या.

पाऊलवाट, तुमच्या वडिलांची चूक पाठीत आहे ना? मग डंबेलवरचा सेन्सर सोडा. एक दंडावर, एक छातीवर किंवा पाठीवर. हात वर जाताना धड किती हललं, एवढंच बघायचंय.

रात्रपाळी | रविवार, सकाळी १०:४०

एक शंका, चुकीची वाटली तर सांगा. हे सगळे सेन्सर दिवसभर आकडे घेतात, ते आकडे जातात कुठे? आई कधी झोपते, कधी उठते, घरात आहे की नाही, सगळं त्यातून दिसणार ना?

कंपनसंख्या | रविवार, सकाळी ११:०५

शंका अगदी रास्त आहे. २०१८ च्या सुरुवातीला स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपच्या जागतिक नकाशावरून लष्करी तळांवरचे धावण्याचे मार्ग उघड झाले होते. त्यात कुणाचं नावही नव्हतं. ओळख पटवणारी गणितं घड्याळातच चालवून फक्त 'पडली' एवढाच निरोप बाहेर पाठवता येतो. घड्याळ घेताना ते तसं करतं का हे आधी विचारा.

पाऊलवाट | रविवार, रात्री ९:३०

दिवसभर बसून पुन्हा केलं. विंडोचा क्रमांक काढला, दिशेचे कोन काढले, आणि दर वेळी एक माणूस पूर्ण बाजूला ठेवून बाकी पाचांवर शिकवलं. सहा वेळा. ९९ चा आकडा गेला तो गेलाच. लेखकांच्या ७८ च्याही बराच खाली राहिलो. ते पूर्ण विंडोची वैशिष्ट्यं काढतात आणि मी सुट्या ओळी देत होतो, हे त्याचं एक कारण दिसतंय. एका ओळीत माणूस क्षणभर कुठे आहे ते कळतं, तो कसा हलला ते कळत नाही. आता २.५ सेकंदांच्या विंडो करून बघतो.

सहा माणसांचे सहा आकडेही एकमेकांपासून खूप दूर आहेत. सरासरी काढली की हे झाकलं जातं. ज्याच्यावर मॉडेल सगळ्यात वाईट चालतं त्याच्याकडेच मी बघत बसलो. वडील त्याच्यासारखे निघाले तर?

म्हणून एक विचार आलाय, जाणकारांनी सांगावं. सगळ्या जगासाठी मॉडेल करायच्या ऐवजी फक्त वडिलांसाठी केलं तर? फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली त्यांनी बरोबर केलेला व्यायाम नोंदवायचा आणि घरी रोजची हालचाल त्यांच्याच त्या नोंदीशी ताडायची. फार दूर गेली तर टोकायचं. चुकांची नावं लागतच नाहीत.

कंपनसंख्या | रविवार, रात्री १०:००

हा रस्ता बरोबर आहे. फोर्डॅम विद्यापीठातल्या विस्डम गटाने खिशातल्या फोनवर हेच ताडून बघितलं होतं. माणसाच्या स्वतःच्या थोड्याशा डेटावर शिकलेलं मॉडेल इतरांच्या ढीगभर डेटावर शिकलेल्या मॉडेलपेक्षा पुष्कळच सरस ठरलं. प्रत्येकाची चाल त्याची स्वतःची असते.

फक्त एक पथ्य पाळा. एका दिवशी शिकवा, तपासा दुसऱ्या दिवशी, पट्टा सोडून पुन्हा बांधल्यावर. नाहीतर इथेही पेपर फुटेल. या वेळी माणूस एकच आहे, म्हणून दिवस बाजूला ठेवायचा.

गोफण | रविवार, रात्री १०:२०

आणि पट्ट्यावर ठळक बाण काढा, वरची बाजू कळेल असा. व्यायामाआधी पाच सेकंद स्थिर उभं राहायला सांगा. तेवढ्या नोंदीवरून सेन्सर किती तिरका बसलाय ते काढून बाकीचे आकडे फिरवून घेता येतात.

सांधेसोबती | रविवार, रात्री १०:५५

पाऊलवाट, माझी तयारी आहे. निरोपातून तुमच्या वडिलांच्या फिजिओथेरपिस्टशी बोलणं करून द्या, नोंदी कशा घ्यायच्या ते आम्ही दोघं मिळून ठरवू. त्यांच्याशी बोलल्याशिवाय व्यायामात काही बदल करू नका.

एकच विनंती. 'बरोबर'ची नोंद करताना फक्त ताज्या हाताच्या वेळा घेऊ नका. सकाळी सांधा आखडलेला असतो, संध्याकाळी थकलेला, आणि त्या दोन्ही वेळी बरोबर केलेला व्यायामही थोडा वेगळा दिसतो. दोन्ही वेळच्या नोंदी हव्यात. नाहीतर ते सगळं नीट करत असताना यंत्र त्यांना टोकेल, आणि दोनदा असं झालं की ते पट्टा काढून ठेवतील.

पाऊलवाट | रविवार, रात्री ११:१०

निरोप पाठवलाय. वडिलांनी आत्ताच विचारलं, पट्टा सदऱ्याच्या आतून की वरून?

गोफण | रविवार, रात्री ११:१४

आतून, अंगाला लागून, पण त्रास होईल इतका घट्ट नको. वरून बांधला तर कापड हलेल आणि तुम्ही सदऱ्याची हालचाल मोजत बसाल.